पहिलं आवतण कुणाला

पनवेलच्या जुन्या बाजारात माझं लग्नाच्या सामानाचं दुकान आहे. मुंडावळ्या, बाशिंगं, हळकुंडं, पाट, रुखवताची खेळणी, सगळं मिळतं. पण गेली काही वर्षं गिऱ्हाईक सामानाआधी माझं तोंड निरखतं आणि विचारतं, "तुम्ही त्यांची बहीण ना?" मी हो म्हणते. मग ठरलेला पुढचा प्रश्न येतो, "घरी पण असंच हसवतात का हो?" मी म्हणते, "नाही. घरी तो जेवतो." लोकांना वाटतं मीसुद्धा विनोदच केला, रक्तातच आहे आमच्या. ते खो खो हसतात आणि बाशिंगाचा भाव पाडून मागतात.

त्याचं नाव मी इथे लिहिणार नाही. गोवा हायवेच्या फलकांवर ते मोठमोठ्या अक्षरांत लिहिलेलं आहे, ज्याला वाचायचं त्यानं तिथे वाचावं. माझ्यासाठी तो धाकटा भाऊ. त्याचं नाक मी माझ्या परकराला पुसलेलं आहे आणि ते नाक आता टीव्हीवर वर करून तो फिरतो.

शाळेत तो मास्तरांची नक्कल करायचा. मास्तर वर्गात आले की साहेबांची करायचा. साहेब तपासणीला आले की हात बांधून उभा राहायचा आणि साहेब गेले की पुन्हा सुरू. समोर उभा असेल त्याला सोडून बाकी सगळ्या जगाची टिंगल करायची, हे धोरण त्यानं तेव्हाच ठरवलं आणि आजतागायत पाळलं. आपल्यापेक्षा जोरदार माणसाची त्याच्या तोंडावर नक्कल केलेली मी तरी कधी पाहिली नाही. तरी पेपरवाले त्याला निर्भीड म्हणतात.

भात कापून झालं की आमच्या गावांमधून रिकाम्या शेतांत क्रिकेटच्या स्पर्धा भरतात. मोठाले मंडप, ढोल, आणि दिवसभर लाऊडस्पीकरवर कॉमेंट्री. भावाला ना बॅट धरता येत होती, ना झेल घेता येत होता, म्हणून त्याच्या हातात माईक आला. कुणी शून्यावर बाद झाला की हा त्याच्या बापाची दारू काढायचा, कुणाच्या हातून झेल सुटला की त्याच्या बायकोचं माहेर काढायचा. अख्खं शेत हसायचं. ज्याची निघाली तोही हसायचा, कारण न हसला तर पुढची ओव्हर त्याच्यावरच गेली असती.

तिथून तो हळदीच्या स्टेजवर गेला. आमच्याकडे लग्नापेक्षा हळद मोठी, हे पनवेलकरांना सांगायला नको. मग पुढाऱ्यांचे वाढदिवस आले. एका आठवड्यात दोन एकमेकांचे कट्टर वैरी, आणि दोघांनाही ह्यानं त्याच आवाजात, त्याच हुंदक्यासह 'या मातीचा सुपुत्र' म्हटलेलं मी स्वतः ऐकलं आहे. मग बिल्डरांच्या स्कीमांची उद्घाटनं. आपल्याच लोकांच्या जमिनीवर उभ्या राहिलेल्या इमारतीसमोर, डोक्याला फेटा बांधून, परगावच्या गिऱ्हाइकांना तो 'आगरी बाणा' समजावून सांगायचा. मग पैठणीचे खेळ. तोंडात चमचा, चमच्यात लिंबू अशा बायकांना पळवायचं आणि पडली की विचारायचं, "वहिनी, दादा असेच सांभाळतात का?" एवढी कला अंगात असल्यावर टीव्हीवाले किती दिवस दूर राहणार?

टीव्हीवर त्याला घेतला तो साडी नेसायला. एका विनोदी कार्यक्रमात त्यांना बाईचं सोंग घेणारा पुरुष हवा होता. त्यानं नऊवारी नेसून आगरी म्हातारी केली. गुडघ्यावर हात ठेवून चालणं, बोलता बोलता पदर खोचणं, दातांना मिश्री लावता लावता शेजारणीला हाक मारणं. महाराष्ट्र लोळला. त्या म्हातारीवर त्याला बक्षिसं मिळाली, त्याच म्हातारीवर तो सूत्रसंचालक झाला.

ती म्हातारी म्हणजे आमची आई. चाल तिची, पदर तिचा, गुडघाही तिचाच. मिठागरातली मिठाची टोपली वाहून वाहून तो गुडघा तसा झाला होता, हे मात्र त्यानं कुठल्या भागात सांगितलं नाही.

मला संताप यायचा. आईला येत नव्हता. ती पुढ्यात भाजीचं ताट घेऊन टीव्ही बघायची आणि म्हणायची, "मेला चालतंय बग कसा, मीच मना दिसतंय." आणि हसायची. मी म्हणायचे, आये, तुझी टिंगल करतोय तो. ती म्हणायची, "पोरगा हाय. आयशीची नाय तर कुनाची करंल?" मी आत जाऊन भांडी आपटायचे.

आमची आई धवलारीण. आमच्या लग्नांत भटजी नंतर येतो, आधी धवलारीण येते. हळदीला ती पाटाजवळ बसते आणि धवला गाते. सगळे विधी तिच्या गाण्यातून पुढे सरकतात. आईच्या धवल्यात सुरुवातीला आवतणं असतात. पहिलं आवतण कुणाला, दुसरं कुणाला, असं ती सुरात विचारते, बायका मागून साथ धरतात आणि ज्याचं नातं पुकारलं जाईल तो उठून नवरीला हळद लावतो. गावदेवीचं पहिलं, पितरांचं दुसरं, आणि माणसांमधलं पहिलं मामाचं. न पुकारता कुणी पाटाला हात लावायचा नाही, मग तो आमदार का असेना. पंचक्रोशीतल्या निम्म्या बायका आईच्या आवाजात नवऱ्या झालेल्या आहेत.

आईचा एकच नियम होता. समोर हळदीची नवरी बसल्याशिवाय ती धवला गात नसे. आम्ही लहानपणी हट्ट केला तर पाठीत धपाटा मिळायचा. एकदा कुणी संशोधक बाई रेकॉर्डर घेऊन आल्या होत्या. त्यांना आईनं चहा दिला, तांदळाचे पोळे दिले, आणि नवरी घेऊन या म्हणून परत पाठवलं. भावाला हा नियम पाठ होता. म्हणून इतकी वर्षं त्यानं म्हातारीचं सगळं विकलं, धवला तेवढा विकला नव्हता. पुढे माल संपला.

दरम्यान तो मुलाखतकारही झाला होता. हे त्याचं सगळ्यात किळसवाणं रूप. एका सोफ्यावर बसायचं, मान कलती करायची, आवाज मऊ करायचा आणि विचारायचं, "त्या क्षणी तुम्हाला नेमकं काय वाटलं?" बाप मेला त्यालाही हेच, मालिका बंद पडली त्यालाही हेच. पाहुणा रडला तर उत्तम, नाही रडला तर हा चष्मा काढून स्वतःचे डोळे पुसतो. त्या चष्म्याला नंबर नाही. दुकानातल्या उदबत्तीच्या पुड्यावरची बारीक अक्षरं तो चष्म्याशिवाय धडाधड वाचतो.

तर त्यानं एकदा कलाकारांच्या आयांचा खास भाग ठरवला आणि आम्हाला गाडी पाठवली. आईनं ठेवणीतलं लुगडं काढलं. स्टुडिओत आम्हाला पहिल्या रांगेत बसवलं. कार्यक्रम सुरू व्हायला वेळ होता. स्टेजवर कुणीच नव्हतं. तेवढ्यात कानाला यंत्र लावलेला एक जाडजूड गृहस्थ आला आणि म्हणाला, "मंडळी, आधी हसून घेऊया." मला वाटलं चेष्टा करतोय. पण तो कॅमेरे आमच्याकडे वळवून खरंच सगळ्यांना हसायला सांगत होता. हसण्याचे शॉट आधी घेऊन ठेवतात आणि मग हवे तिथे चिकटवतात, हे मला तेव्हा कळलं.

आईला कारणाशिवाय हसू येईना. तो तिच्यासमोर येऊन उभा राहिला. "मावशी, हसा ना, मोठ्यानं."

"कशाला?" आईनं विचारलं.

"मी हसतो तसं," म्हणून त्यानं दोन्ही हात वर केले आणि हा हा हा केलं. कमरेला यंत्राचा डबा लटकत होता, त्या वजनानं त्याची पँट खाली घसरली. एका हातानं पँट धरून तो बिचारा हा हा हा करतच राहिला. आई जी हसली, ती डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसली. कॅमेऱ्यानं ते सगळं घेतलं. मग भावानं तिला स्टेजवर नेऊन शाल दिली, पाया पडला, टाळ्या झाल्या. त्या थंडगार हवेत आईला मळमळायला लागलं, म्हणून मध्येच मी तिला घेऊन पनवेलला परत आले. त्याचं मुख्य सोंग आम्ही तिथून निघाल्यानंतर झालं.

ते आम्ही पुढे टीव्हीवर, गावी आईच्या घरी बसून पाहिलं. शेजारपाजारच्या बायका जमल्या होत्या. आईची जोडीदारीण, जी आयुष्यभर धवल्यात तिच्या मागे साथ धरते, ती काकी अगदी पुढे बसली होती. शाल झाली, सगळ्यांनी कौतुक केलं. मग भाऊ नऊवारीत आला, पाटाजवळ बसला आणि त्यानं आईचा सूर लावला. हुबेहूब लावला, मेल्याला गळा आहे. "पयलं आवतान कुनाला?" थांबला. ढेकर दिला. "बाटलीला!" स्टुडिओ कोसळला. "दुसरं आवतान कुनाला?" पुन्हा थांबला. "चकन्याला!" आणि पडद्यावर आली आमची आई. डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसणारी.

काकी उठली, दारातल्या चपला पायात घालू लागली. जाताना म्हणाली, "तुला पन हासू आला गो?"

"मी नवती तवा," आई म्हणाली. "मना म्हायती पन नाय हा."

"टीवीवर दिसली ना," काकी म्हणाली आणि गेली. तिचं काय चुकलं? डोळ्यांनी पाहिलेलं खोटं असतं, हे तिला कुणी शिकवलं होतं?

मग लग्नसराई आली. दुकानात आमच्याकडची गिऱ्हाइकं यायची. मी हळकुंडं मोजता मोजता विचारायचे, धवलारीण कोण? कुणी म्हणायचं, यंदा पेनड्राइव्हवर लावणार. कुणी म्हणायचं, नवऱ्याकडची बाई येणार. एक बाई मात्र सरळ बोलली. "तुमची आई सोता हासते, मग आमी कशाला बोलवायची?" मी तिला सगळं समजावून सांगितलं, तो जाडा माणूस, ती पँट, सगळं. तिनं ऐकून घेतलं आणि मुंडावळ्या घेऊन गेली. बोलावणं काही आलं नाही. आई संध्याकाळी ओटीवर बसायची. दूर कुठे हळदीचा डीजे लागला की आत जाऊन दार लोटून घ्यायची. आयुष्यात तिला पहिल्यांदाच लग्नसराईत रोज संध्याकाळी घरी जेवायला मिळत होतं, आणि जेवण तिला जात नव्हतं.

मी भावाला दुकानात बोलावून घेतलं. म्हटलं, मला तुझं काही नको. तुझ्याच कार्यक्रमात एक वाक्य बोल. आई त्या गाण्याला हसली नव्हती, ती तिथे नव्हतीच, एवढंच.

त्यानं माझ्याकडे असं पाहिलं जसं मी त्याची किडनी मागितली. "ताई, हसणं कुठलं कुठे लावतात हे मीच सांगितलं तर आमच्या हसण्यावर कोण विश्वास ठेवील? चॅनेल मला उभं करणार नाही."

"मग आईला गाव उभं करत नाही त्याचं काय?"

तो विचारात पडला. विचारात पडला की त्याची मान आपोआप कलती होते, सवयच लागली आहे. मग म्हणाला, "मी आईची मुलाखत घेतो. माझ्या पॉडकास्टवर. दिलखुलास. तिला काय वाटलं ते तिनं सांगावं." हे आणखी एक नवीन दुकान त्यानं काढलं होतं. माईक मोठा, गप्पा लांब, शेंडा ना बुडखा. मला तेव्हाच नाही म्हणायला हवं होतं, पण आई म्हणाली, येऊ दे.

तो दिवे आणि माणसं घेऊन गावी आला. आईच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं. मी तिच्या डोळ्यांत औषध घातलं आणि तिला ओटीवर बसवलं. तो समोर बसला. घरी तिला आये म्हणणारा माणूस माईक लागल्याबरोबर 'आई' म्हणायला लागला. "आई, तो भाग पाहिलास तेव्हा तुला नेमकं काय वाटलं?"

आई त्याच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मना काय इचारतंस? तू व्हतास ना तिथं. मी नवती ह्ये तू सांग."

"ते मी नंतर जोडतो," तो म्हणाला. आई पुढे एक शब्द बोलली नाही. त्यानं फिरवून फिरवून विचारलं, चष्मा काढला, डोळे पुसले. औषधाचं पाणी तेवढं तिच्या गालावरून ओघळलं. पुढच्याच आठवड्यात त्यानं ते बासरीचे सूर लावून प्रसिद्ध केलं. वर मथळा होता, 'आणि आईला अश्रू अनावर झाले'. तिचं बोललेलं एकमेव वाक्य कापलेलं होतं. खाली लोकांनी त्याला लिहिलं होतं, असा मुलगा सगळ्यांना मिळो.

त्यानंतर माझ्या मुलीचं लग्न ठरलं. हळद गावी, आईच्या दारात करायची आणि डीजे लावायचा नाही, हे मी आधीच सांगून टाकलं. आई म्हणाली, "कोन येनार नाय गो साथीला. नातीच्या हालदीत हासं व्हईल." मी म्हटलं, कुणी आलं नाही तर मी साथ धरेन, माझा आवाज फाटका असला तरी. तिची एकच भीती होती, की आता ह्या गावात ती तोंड उघडू शकणार की नाही. माझीही तीच होती.

बायका आल्या. नातेसंबंधांसाठी आल्या, जेवणासाठी आल्या, काही माझ्या भावाला बघायला आल्या. काकीही आली, पण मंडपाच्या पार टोकाला खुर्ची घेऊन बसली. भाऊ आला पांढऱ्या कुर्त्यात. नवरीचा एकुलता एक मामा. मंडपात शिरल्यापासून त्याचे फोटो सुरू होते. मुलगी पाटावर बसली. आईनं पदर डोक्यावरून घेतला, पाटाला हात लावून पाया पडली आणि सुरू केलं.

"पयलं आवतान कुनाला?"

आणि समोर बसलेली सगळी चिल्लीपिल्ली एका आवाजात ओरडली, "बाटलीला!"

पोरांचा काय दोष? त्यांनी धवला पहिल्यांदा ऐकला तोच तसा. मोठी माणसं तोंडावर हात धरून हसली. काहींनी फोन वर केले. माझ्या अंगाची लाहीलाही झाली, मी भावाकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर हसू पसरलं होतं. त्यानं उजवा हात छातीवर ठेवला आणि मान जराशी लववली, टाळ्यांनंतर करतात तशी. त्यानं ते मुद्दाम केलं असतं तर बरं झालं असतं. ते त्याच्या हातून आपोआप झालं. आणि आईनं ते पाहिलं.

आई थांबली. पाटावर तळहात आपटला तिनं. मग तिनं पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं, पोरांच्या तोंडाकडे बघत, पहिलं आवतण कुणाला, आणि कुणी काही बोलायच्या आत स्वतःच उत्तर दिलं, गावदेवीला. दुसरं पितरांना. तिच्या मागे साथ धरायला मी एकटीच होते, माझा आवाज मध्येच चिरकत होता.

आता मामाचं आवतण. भाऊ पुढे येऊन उभा राहिला होता. हळदीच्या ताटात दोन बोटं बुडवून तयार. बाजूला त्याचा फोटोवाला गुडघ्यावर बसला होता. आईनं श्वास घेतला, सूर लावला, "तिसरं आवतान कुनाला?" आणि म्हणाली, "नवरीच्या आत्याला."

मुलीची आत्या गोंधळून उठली, पुढे आली, हळद लावून गेली. आईनं चौथं आवतण मावशांना दिलं. पाचवं शेजारच्या सुनेला. आयुष्यभर दुसऱ्यांना नावानं स्टेजवर बोलावणारा माझा भाऊ पिवळी बोटं घेऊन पाटापासून हातभर अंतरावर उभा होता, आणि अख्खा मंडप बघत होता. तो माझ्या कानाशी वाकला. कितीतरी वर्षांनी घरच्या भाषेत बोलला. "ताय, आये मना इसरली का गो?"

"नाय रं," मी म्हटलं. "ती आवतान इसरत नाय."

मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू? इतक्या वर्षांचा वचपा निघाला असं वाटलं. तो माझा आनंद आईकडे नजर जाईपर्यंत टिकला. तिचा आवाज जराही हलत नव्हता, पण डोळे भरून आले होते. ह्या वेळी मी औषध घातलं नव्हतं.

मंडपाच्या टोकाला खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. काकी उठून माणसांमधून वाट काढत पुढे आली, आईच्या शेजारी मांडी घालून बसली आणि म्हणाली, "फुडचं म्हन गो, मी धरतंय."